अ‍ॅम्हर्स्टचा पत्रसंग्रह आणि आपली जबाबदारी

(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मेळाव्याच्या व्यासपीठावरून धम्म, संविधान किंवा आरक्षण यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. आज मात्र मी आपणांस एका ग्रंथालयात नेणार आहे. ते आपण राहतो त्याच देशात, मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅम्हर्स्ट या गावी आहे. तेथील राज्य विद्यापीठाच्या उंच बहुमजली ग्रंथालयाला १९९४ पासून विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस यांचे नाव आहे आणि त्यांची कागदपत्रे याच ग्रंथालयात आहेत. त्यांत एक लाखाहून अधिक पत्रे व पत्रव्यवहाराचे कागद असून संपूर्ण संग्रहाचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग पत्रांनीच व्यापला आहे. या पत्रांमध्ये परमपूज्य बाबासाहेबांचे एक पत्र आहे. आपल्या दृष्टीने त्या संग्रहाचे मोल सांगायला एवढे एक कारण पुरेसे आहे. परंतु तेवढ्यावर थांबलो तर त्या संग्रहाकडून शिकण्यासारखी मोठी गोष्ट आपल्या हातून निसटेल.

ड्यू बॉइस यांची थोडक्यात ओळख करून देतो. २३ फेब्रुवारी १८६८ रोजी याच राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे त्यांचा जन्म झाला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार, कादंबरीकार आणि संपादक या सर्व नात्यांनी त्यांनी लेखणी चालविली. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाने कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाला शब्द दिले. १९१० साली सुरू झालेल्या ‘द क्रायसिस’ या नियतकालिकाचे ते १९३४ पर्यंत संपादक होते. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ यांचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना एका दडपलेल्या समाजासाठी स्वतःचे नियतकालिक असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

१९४६ चा जुलै महिना आठवा. कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकीय अस्तित्वाला स्थान मिळालेले नव्हते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह आरंभला होता. सत्तांतर दृष्टिपथात होते आणि त्या सत्तांतरात आपले काय होणार, हा प्रश्न बाबासाहेबांपुढे उभा होता. अशा वेळी त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. ग्रंथालयाच्या नोंदीत त्याचा काळ अंदाजे जुलै १९४६ असा दिला आहे. पत्र अगदी लहान आहे. आपली प्रत्यक्ष भेट झालेली नसली तरी मुक्तीच्या कार्यात गुंतलेल्या प्रत्येकाप्रमाणे मीही आपल्याला नावाने ओळखतो, असे बाबासाहेब लिहितात. आपण भारतातील अस्पृश्यांपैकी आहोत, हे स्पष्टपणे सांगतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला असून दोन्ही समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की तो अभ्यास आपल्यासाठी आवश्यकच ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यानंतर कामाची गोष्ट येते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे निवेदन दिले आहे, त्याच्या दोन-तीन प्रती मिळवून पाठवाव्यात. भारतातील अस्पृश्यही त्याच मार्गाचा विचार करीत आहेत.

ड्यू बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे. नॅशनल नीग्रो काँग्रेसने दिलेले निवेदन त्यांनी सोबत जोडले. याहून विस्तृत आणि पुराव्यांनी युक्त असे निवेदन दुसरी एक मोठी संघटना पुढे मांडण्याची शक्यता आहे, तसे झाल्यास त्याचीही प्रत पाठवीन, असे त्यांनी कळविले. बाबासाहेबांचे नाव व कार्य आपल्या कानी आले असून अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असेही लिहिले. ते विस्तृत निवेदन ड्यू बॉइस यांच्याच संपादनाखाली तयार होऊन २३ ऑक्टोबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झाले.

बंधू-भगिनींनो, या दोन पत्रांत भावनेचा फुलोरा नाही. एक विद्वान दुसऱ्या विद्वानाकडे एक दस्तऐवज मागतो आणि दुसरा तो पाठवितो. तरीही ही दोन पत्रे नसती तर या दोन चळवळींमधील नात्याबद्दल आपण तर्कच करीत बसलो असतो. ‘बाबासाहेबांनी ड्यू बॉइस वाचले असतील’ असे कोणी म्हणाले असते आणि ‘पुरावा काय?’ असे दुसऱ्याने विचारले असते. आज पुराव्याचा प्रश्न उरलेला नाही, कारण उत्तर त्या खोक्यात आहे.

आता एक साधा प्रश्न आपण स्वतःला विचारू. बाबासाहेबांचे पत्र अ‍ॅम्हर्स्टमध्ये आहे, हे समजण्यासारखे आहे, कारण ते ड्यू बॉइस यांच्याकडे आले होते. परंतु ड्यू बॉइस यांनी पाठविलेले उत्तर तर टपालाने भारतात गेले. मग ते तेथे कसे? याचे कारण म्हणजे त्यांची शिस्त. पाठविलेल्या पत्राची कार्बन प्रत ते आपल्या दप्तरी ठेवीत. आलेले पत्र आणि गेलेले उत्तर अशी दोन्ही जपली की संभाषण पूर्ण होते. एरवी इतिहासकाराच्या हाती एका बाजूचेच बोलणे लागते. सरकारी कचेऱ्यांत याला आपण स्थळप्रत म्हणतो. सत्ताधाऱ्यांची स्थळप्रत ठेवायला कारकून असतात. दडपलेल्या माणसाला आपली स्थळप्रत स्वतःच ठेवावी लागते, हे ड्यू बॉइस यांनी ओळखले होते.

पत्रे नुसती जपून मात्र भागत नाही, ती सुरक्षित हाती पोहोचावी लागतात. १९५१ मध्ये शांततेच्या चळवळीतील कामाबद्दल ड्यू बॉइस यांच्यावर परकीय शक्तीचे हस्तक असल्याचा खटला भरण्यात आला. त्याच वर्षी ते निर्दोष सुटले, तरी पुढे काही वर्षे त्यांना पासपोर्ट नाकारला गेला. तो १९५८ मध्ये परत मिळाला. १९६१ मध्ये ते घानाला गेले आणि जाताना आपल्या कागदपत्रांचा मोठा भाग त्यांनी इतिहासकार हर्बर्ट अ‍ॅप्थेकर यांच्या स्वाधीन केला. २७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा येथे ड्यू बॉइस यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये तो ऐतिहासिक मोर्चा निघाला. पुढील दहा वर्षे हा प्रचंड ठेवा अ‍ॅप्थेकर यांनी आपल्या घरी सांभाळला. अखेर १९७३ मध्ये ड्यू बॉइस यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम ड्यू बॉइस यांच्याकडून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने तो घेतला. त्या वेळी अ‍ॅम्हर्स्टचे कुलगुरू रँडॉल्फ ब्रॉमरी हे स्वतः कृष्णवर्णीय होते आणि या कामी त्यांचा पुढाकार होता. निवडक पत्रांचे तीन खंड अ‍ॅप्थेकर यांच्या संपादनाखाली १९७३ ते १९७८ या काळात निघाले. पत्रांची वर्गवारी झाली, मायक्रोफिल्म झाली आणि आता हा संग्रह संगणकावरून जगभर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. मागासवर्गीय वसतिगृहात राहणारा विद्यार्थीसुद्धा आज बाबासाहेबांचे ते पत्र मोबाईलवर पाहू शकतो.

या साखळीत किती माणसे आहेत, ते पाहा. लिहिणारा, जपणारा, अडचणीच्या काळात घरात जागा देणारा मित्र, पतीचा वारसा योग्य हाती सोपविणारी पत्नी, आणि अधिकारपदाचा उपयोग समाजाच्या स्मृतीसाठी करणारा कुलगुरू. यांतील एक जरी दुवा निखळला असता, तरी हा संग्रह आज एकत्र आणि अभ्यासकांना खुला असा उरला असता की नाही, कोण जाणे.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. या संग्रहात थोरामोठ्यांची पत्रे आहेत. अल्बर्ट आइनस्टाइन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आहे, लाला लजपतराय यांच्याशी कादंबरीच्या हस्तलिखिताबद्दल झालेली चर्चा आहे. कवी लँग्स्टन ह्यूज यांची एक प्रसिद्ध कविता १९२१ मध्ये ‘द क्रायसिस’ने छापली आणि जेसी फॉसेट यांच्यासारखी साक्षेपी लेखिका त्या अंकांची साहित्यविभागाची संपादक होती, त्या साऱ्या वाङ्मयीन चळवळीच्या खुणाही या पत्रांतून सापडतात. परंतु ड्यू बॉइस यांनी सामान्यांशी झालेला पत्रव्यवहारही तितक्याच निगुतीने ठेवला.

१९०५ मध्ये एका शाळेत एक कृष्णवर्णीय मुलगी अभ्यास करीत नाही, असे त्यांच्या कानी आले. त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. मिळालेली संधी आपल्यातील एकजण वाया घालवतो तेव्हा मागून येणाऱ्या इतर मुलांना ती संधी मिळणे अधिक कठीण होते, असे त्यांनी तिला बजावले. १९१४ मध्ये त्यांची स्वतःची मुलगी योलांड चौदाव्या वर्षी इंग्लंडमधील बीडेल्स शाळेत शिकायला गेली. तिला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की, लोक तुझ्या सावळ्या कांतीकडे आणि कुरळ्या केसांकडे कुतूहलाने पाहतील, पण त्याला महत्त्व देऊ नकोस. जे आहे त्याचा आनंद घे, नाही त्यासाठी झुरू नकोस, आणि गंभीर पुस्तके वाच. आपल्यापैकी ज्यांची मुले येथील शाळेत वर्गातील एकुलते एक सावळे मूल म्हणून बसली आहेत, त्यांना हे पत्र शंभर वर्षांहून जुने वाटणार नाही.

आणखी एक पत्र आहे. १९२८ मध्ये एका शाळकरी मुलाने ‘द क्रायसिस’ला विचारले की, आपल्या समाजासाठी ‘नीग्रो’ हा शब्द तुम्ही का वापरता? ड्यू बॉइस यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. नाव आणि वस्तू यांत गल्लत करू नकोस, नाव बदलल्याने तिरस्कार जात नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्याला येथे एक फरक जाणवतो. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ या शब्दाला विरोध करून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. दोघांत विरोध आहे का? माझ्या मते नाही. आपण स्वीकारलेले नाव आणि दुसऱ्याने उपकाराच्या भावनेने चिकटवलेले नाव, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ड्यू बॉइस यांनीसुद्धा त्याच शब्दाचे पहिले अक्षर इंग्रजीत मोठे छापले जावे, यासाठी आग्रह धरला होता. पण हा विचार करायला आपल्याला जागा मिळाली ती एका शाळकरी मुलाच्या पत्रामुळे. ‘पोराचे पत्र’ म्हणून ते कोणी केराच्या टोपलीत टाकले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्राध्यापक सेलिग्मन यांच्या कागदपत्रांत बाबासाहेबांचे फेब्रुवारी १९२२ मधील एक पत्र आहे. १९१७ मध्ये भारतात परतताना बोट पाणतीराने बुडविली गेली आणि प्रबंधाचे हस्तलिखित गेले, म्हणून नवा प्रबंध लिहिला, असे त्यांनी आपल्या गुरूंना कळविले आहे. हस्तलिखित समुद्राने गिळले, ते बुडाल्याचे सांगणारे पत्र मात्र प्राध्यापकांच्या दप्तरात टिकले. १९५६ नंतर बाबासाहेबांच्या अप्रकाशित लेखनाचा प्रवासही खडतरच होता. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक लेखनकृती अपूर्ण, सुट्या प्रकरणांच्या रूपात हाती आल्या आणि संपादकांना त्यांची जुळणी करावी लागली. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्य वेचून चरित्राची साधने गोळा केली, शंकरराव खरात यांनी पत्रांचे संपादन केले. या माणसांनी कागद जपले नसते, तर आपल्या हाती काय उरले असते, याची कल्पना करवत नाही.

बाबासाहेबांचे कागद आता ग्रंथरूपाने सुरक्षित आहेत. माझी चिंता आपल्या कागदांविषयी आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीत वस्तीत एखादाच शिकलेला असे. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेल्या माणसाचे पोस्टकार्ड आले की तो शाळकरी मुलगा ते साऱ्यांना वाचून दाखवी आणि उत्तरही तोच लिही. मनीऑर्डरच्या कुपनावरील चार ओळींत घरचे सारे अर्थशास्त्र असे. १९५६ नंतर अनेक घरांतील पत्रांच्या माथ्यावरून ‘श्री’ गेले आणि तेथे ‘जय भीम’ किंवा ‘नमो बुद्धाय’ आले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारला, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. पण तो धम्म घरात केव्हा आणि कसा रुजला, हे एखाद्या पोस्टकार्डाचा माथा सांगतो. असा पुरावा कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

आपण या देशात आलो, तेव्हा निळे एरोग्राम येत. आईने शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेले पत्र, वडिलांच्या थरथरत्या अक्षरातील ‘काळजी नसावी’, धाकट्या भावाने पाठविलेले विहाराच्या वर्गणीचे हिशेब, लग्नपत्रिका, नामांतराच्या काळात घाबरतघाबरत लिहिलेल्या बातम्या, असे सारे काही त्यांत आहे. ही पत्रे आज तळघरातील खोक्यांत किंवा गॅरेजच्या फळीवर पडून आहेत. आपली मुले मराठी बोलतात, पण किती मुलांना ते अक्षर वाचता येते? घर बदलताना किंवा आपल्या पश्चात ती खोकी उघडली जातील, तेव्हा वाचता न येणाऱ्या कागदांचे काय होते, हे सांगायला ज्योतिषी नको.

पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक परदेशी गेलेल्या भारतीयांचा इतिहास लिहायला बसेल. ज्यांचे कागद ग्रंथालयात असतील, त्यांचा इतिहास तो लिहील. आपले कागद तेथे नसतील, तर त्या ग्रंथात आपण नसू, आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याचा अधिकारही आपल्याला उरणार नाही. अक्षर नाकारले गेल्यामुळे आपले पूर्वज इतिहासाबाहेर राहिले. अक्षर हाती असताना आपण बाहेर राहिलो, तर तो निव्वळ आळस ठरेल.

म्हणून काही व्यवहार्य सूचना करतो. पत्रे तळघरात किंवा माळ्यावर ठेवू नका; ओल आणि उष्णता हे कागदाचे शत्रू आहेत. राहत्या खोलीतील कपाटात, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत व खोक्यांत ठेवा. गंजणाऱ्या टाचण्या काढा, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पाकीट फेकू नका, कारण पत्रावर तारीख नसेल तर टपालाचा शिक्का ती सांगतो. कोणी, कोणाला, कोठून लिहिले आणि पत्रातील ‘आक्का’ किंवा ‘तात्या’ म्हणजे कोण, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. स्कॅन अवश्य करा, परंतु स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकू नका. घरातील ज्येष्ठांना पत्रे मोठ्याने वाचायला सांगून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करा. मुलांना लिपी येत नसेल, तरी आजीचा आवाज कळेल. आताचे निरोप आपण ई-मेल आणि मोबाईलवर पाठवितो. त्यांतील महत्त्वाचे वेगळे साठवून ठेवा, कारण फोन बदलला की ते नाहीसे होतात.

येथील विद्यापीठांची ग्रंथालये अशी कागदपत्रे देणगी म्हणून स्वीकारतात. देताना लेखी करार होतो. काही पत्रे खासगी असतील, तर ती ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची अट घालता येते. एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवा. पत्राचा कागद ज्याला आले त्याच्या मालकीचा असतो, पण त्यातील शब्दांवर लिहिणाऱ्याचा हक्क राहतो. म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची किंवा त्याच्या वारसांची अनुमती घ्यावी. घरातील दुःखे आणि भांडणेही पत्रांत असतात. त्यांची लाज वाटून पत्रे जाळण्यापेक्षा ती काही काळ मिटून ठेवणे शहाणपणाचे आहे.

अध्यक्ष महोदय, माझी विनंती आहे की संस्थेने या वर्षी तीन-चार सभासदांची एक दप्तर समिती नेमावी. तिने प्रत्येक कुटुंबाशी बोलून कोणाकडे काय आहे, याची साधी यादी करावी. संस्थेच्या स्वतःच्या पहिल्या सभेचे इतिवृत्त, जयंतीची निमंत्रणपत्रे, वर्गणीच्या पावत्या आणि या स्मरणिकेचे जुने अंक यांपासून सुरुवात करावी. त्यानंतर एखाद्या विद्यापीठाशी बोलणी करावीत. कामाला फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती आपल्याकडे आहे.

‘शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा’ हा संदेश आपण प्रत्येक सभेत उच्चारतो. शिकलेल्या माणसाच्या घरात कागद जमतात. संघटित समाजाने ते एकत्र करावेत, आणि पुढच्या पिढीला तिच्या संघर्षासाठी पुरावा म्हणून द्यावेत. या महिन्याच्या एखाद्या रविवारी आपापल्या घरातील ते खोके खाली काढा, मुलांना शेजारी बसवा आणि पहिले पत्र त्यांना वाचून दाखवा. उरलेले काम समिती करील.